गाल लपवणारी लेन्स

कॅमेरा निवडायला जावं तर पोट भरून जावं, असं मी आता नातवंडांना सांगत असते. उपाशी माणूस मोठ्या वस्तूला भुलतो. आम्ही नवरा-बायको नागपूरच्या त्या दुकानात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. दोघांच्याही पोटात सकाळच्या एसटी स्टँडवरच्या चहाशिवाय काही नव्हतं, आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीत दवाखान्याची फाईल होती. फाईल मीच धरली होती. मला ती जड लागत नव्हती, कारण आत काय लिहिलंय ते माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

कानात शिरलं होतं. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याबद्दल चांगलं मराठीतच सांगितलं होतं. तोंडातला कॅन्सर हाडापर्यंत गेलाय, डाव्या बाजूचा खालचा जबडा काढावा लागेल, सोबत गालही जाईल, छातीवरचं मांस आणून तिथे लावू, पुढच्या महिन्यात भरती व्हा. मी पदर सावरला आणि विचारलं, "मंग दिवाळीपर्यंत गाल भरून येईन ना, साहेब?" डॉक्टर फाईलमध्ये बघत राहिले. शेवटी आमच्या मालकांनीच दंडाला धरून मला उठवलं. तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली, नातू मांडीवर खेळवलेली बाई होते. आजी व्हायला अक्कल लागत नाही, एवढं त्यावरून समजावं.

नवऱ्याला मी मालक म्हणत असे. कशाचे मालक ते विचारू नका. धानोऱ्याला बस स्टँडच्या मागे आमचा फोटो स्टुडिओ होता, म्हणजे एक खोली, दोन छत्रीचे दिवे, एक स्टूल आणि एक रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं आणि त्यात मानमोडा हंस. पडद्याच्या मागे माझं स्वयंपाकघर. तालुक्यातल्या कित्येकांच्या पासपोर्ट फोटोत चेहऱ्यावर जी ओढ दिसते ना, ती माझ्या मासोळीच्या रश्श्याची आहे. फोटो मालक काढायचे. गिऱ्हाइकाला कंगवा देणं, पावडर लावणं, मान सरळ करणं आणि नंतर फोटो कापणं हे माझं काम. गावोगावचे लोक त्यांना फोटोवाले भाऊ म्हणत आणि मला फोटोवाली बाई. उजव्या हातात कॅमेरा आणि डाव्या गालात खर्रा, असे ते उभे असत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी देतात. मीही कितीदा घोटून दिला. साजरा बारीक घोटायची मी, तसं कौतुकही व्हायचं.

रोलचा जमाना होता तेव्हा आमच्या धंद्यात एक युक्ती होती. लग्नात आहेर देणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नवरा-नवरीबरोबर फोटो हवा असतो. गंजभर पाहुणे, आणि रोल तर मोजका. मग मालक आत्या-मावशीचे फोटो खरे काढायचे आणि दूरच्या चुलत-मावस मंडळींसमोर नुसता फ्लॅश मारायचे. उजेड पडला की पाहुणा खूश, पुढे सरकायचा. नंतर अल्बममध्ये स्वतःला शोधत राहायचा, तर नशीब त्याचं. डिजिटल आलं आणि ही सोय गेली. लोक विचारू लागले, "भाऊ, कॅमेऱ्याच्या मांगं फोटो दाखवत नाई का? तिकडचा फोटोवाला तं लगेच दाखवते." स्टँडसमोरच्या दुकानदाराने डिजिटल आणला होता. गडचिरोलीचा लॅबवाला रोल धुवायला कुरकुर करायला लागला होता. मालक दोन वर्षं म्हणत होते, पुढच्या सीझनले पाहू. आणि ज्या दिवशी जबडा काढायचं ठरलं, त्याच दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "चाल, कॅमेरा घेऊन टाकू."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझा हिशेब असा होता की, नवीन कॅमेरा घेणारा माणूस तो वापरायला घरी येणारच. म्हैस घेतलेला माणूस कधी दुसऱ्या दिवशी गाव सोडून जातो का? जेवढी मोठी म्हैस तेवढी खात्री पक्की. म्हणून मला मोठा कॅमेरा हवा होता.

दुकानदार आमच्याच वयाचा, जाडजूड, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा होता. त्याने काचेवर दोन बॉड्या ठेवल्या. कॅमेऱ्याच्या नुसत्या धडाला बॉडी म्हणतात, लेन्स वेगळी लावायची. एक बॉडी जड, चांगली पाट्यासारखी. दुसरी लहान, हलकी. मालकांनी हलकी उचलली आणि माझ्यापुढे केली.

"धर."

"मी काऊन धरू? वापराचा तं तुमाले हाय."

"धरून तं पाह्य." त्यांचं तोंड तेव्हा बोटभरच उघडायचं. शब्द दातांच्या फटीतून चिंचोके टाकावे तसे एकेक बाहेर पडायचे. "मी नसन तं तूच चालवशीन ना."

"अभद्र बोलू नोका, दुकानात उभे हाव आपण."

"मंग बाहेर जाऊन बोलू का?"

दुकानदार हसला. मी हसले नाही. जड कॅमेरा मी मुद्दाम उचलला, आणि माझं बोट बटणापर्यंत पोचेना. आयुष्यभर माझी बोटं आखूड म्हणून सासू बोलायची, त्या दिवशी नवऱ्यानेही तेच धरलं. हलकी बॉडी ठरली. तिच्यासोबत एक साधी लेन्स मिळत होती. पण लग्नाच्या मांडवातला उजेड बघता आणखी एक घ्यायची होती, आणि साधीशिवाय एकच परवडणार होती.

"पन्नास दाखव, भाऊ," मालक म्हणाले. पन्नास म्हणजे पन्नास एमएमची लेन्स. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर त्यांनी जन्मभर तीच वापरली होती. मागे-पुढे होत नाही, झूम होत नाही, जवळ यायचं असेल तर माणसानेच पाय उचलायचे. दुकानदाराने जी काढली ती दह्याच्या वाटीएवढी होती. एवढे पैसे घेऊन एवढीशी वस्तू? मी शेजारच्या कपाटाकडे बोट केलं. तिथे वीतभर लांब झूम होती, फिरवली की आणखी वीतभर बाहेर येणारी.

"काढून बघा ना दोन्हीने," दुकानदार म्हणाला. "भाभी, तुम्हीच काढा. भाऊसाब बसतील."

मालकांचा फोटो मी त्याआधी कधी काढला नव्हता. कोणीच काढला नव्हता म्हणा. घरात आमच्या लग्नातला एक फोटो होता. त्यात ते माझ्याहून बारीक आणि मी का कोण जाणे रागावलेली. मतदानाच्या कार्डावर एक चेहरा होता, पण तो कोणाचाही असू शकला असता. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. हलवाई रोज पेढे खातो का?

मालक काउंटरपाशी खुर्चीवर बसले. मी दुकानातलंच कार्ड घालून पन्नासने फोटो काढला आणि मागच्या लहानशा काचेवर पाहिला. डावा गाल आतून कोणी मूठ दाबल्यासारखा फुगलेला. कातडी ताणून चकाकत होती, ट्यूबलाइटचा उजेड नेमका तिथेच जाऊन बसला होता. कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालचं काळं, सगळं जसंच्या तसं.

"ही लेन्स खराब हाय," मी म्हणाले.

"भाभी, ये तो दुकान में सबसे साफ लेन्स है."

"साफ हाय तं मानुस असा काऊन दिसून राह्यला?"

दुकानदाराने मालकांकडे पाहिलं, मग काचेवर नसलेली धूळ पुसायला लागला. मालक आपल्या चपलांकडे बघत होते. मी झूम लावून घेतली, दुकानाच्या बाहेर फुटपाथवर गेले, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात तिथून नेम धरला. मालकांना ओरडून सांगितलं, "मान तिकडं करा. आनखीन. हां." दुरून, मान फिरवून, सपाट उजेडात तो गाल चेहऱ्यात मिसळून गेला. काचेवर एक चांगला धडधाकट माणूस आला. मी पळतच आत गेले.

"हे पाहा. हे तुमी."

त्यांनी कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "साजरा हाय," म्हणाले. "पन लग्नात एवढ्या लांब उभी राह्यशीन तं मधात सारं गाव येईन. अन् मांडवात उजेड कुठी असते? ही लांबडी अंधारात हलते, फोटो धुकट येते."

"नाई हलत."

"हलते ना बाप्पा. मले माहीत हाय ना."

यावर मी काय करावं? भर दुकानात रडायला लागले. पन्नाशीची बाई, खांद्याला फाईल, हातात वीतभर नळकांडं, आणि हुंदके. दुकानदाराने पाण्याची बाटली पुढे केली. एक गिऱ्हाईक दारातूनच परत फिरलं. मालक उठले, माझ्या हातातली झूम घेऊन काचेवर ठेवली.

"दे भाऊ, हीच बांध. लांबडीच दे."

पन्नास परत कपाटात गेली. परतीच्या बसमध्ये खोकं मी मांडीवर घेऊन बसले होते, लहान मूल घ्यावं तसं. मालक खिडकीला टेकून झोपले. माझं मन असं काही निर्धास्त झालं होतं की दारात पोलीस येऊन उभा राहिला असता तरी मी म्हटलं असतं, साजरा दिसतो ड्रेस. फाईल पायापाशी पडली होती.

भरतीच्या तारखेपर्यंतचे दिवस भादव्याचे होते. आभाळ सतत भरलेलं, बांध्यांतला धान गुडघाभर. मालक दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि मी रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापाशी जाऊन त्यांचे फोटो काढत असे. शिकणं हे निमित्त. खरं म्हणजे मी ते जमवून ठेवत होते. दवाखान्यातले लोक एक बाजू घेऊन जाणार, तर मी आधीच सगळं घेऊन ठेवते, असा माझा डाव.

"दम रोख," ते इकडून सांगायचे. "कोपर पोटाले लाव. पोट मोठं हाय ना तुहं, टेकव त्याले." मधून सायकली जायच्या, बैलगाड्या जायच्या. पानठेलेवाला चुना कालवता कालवता विचारायचा, "काऊन बाई, भाऊले दुर्बिणीतून पाहून राह्यल्या का?"

"हाव. पळून गेले तं दिसाले पायजे."

"कुठी पळते भाऊ! खर्रा तं इथीच भेटते."

असं बोलून त्याने चुन्याच्या डबीत मान घातली. त्याने त्या महिन्यात मालकांना खर्रा द्यायचं बंद केलं होतं, आणि ते कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

प्रत्येक फोटो मी लगेच मागच्या काचेवर बघत असे. काय साजरे दिसायचे! आम्ही रोलवाली माणसं, फोटो लगेच दिसतो याचंच एवढं अप्रूप की तो कसा आहे हे बघायचं सुचलं नाही. ती काच आगपेटीएवढी. आगपेटीएवढं काहीही केलं की ते स्वच्छ दिसतं. मालक कधी कधी डोळे बारीक करून म्हणायचे, "हलला असन."

"तुमची नजर हलली."

ते पुढे काही म्हणत नसत. बोलायला दुखायचं म्हणून, असं मी धरून चालले होते.

ऑपरेशन झालं. त्याबद्दल मी लिहीत नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांनी एकमेकींना दिलेल्या पोळ्या मला आठवतात, बाकी फारसं नाही. मालक घरी आले तेव्हा डाव्या बाजूला छातीवरून आणलेलं जाडसर कातडं होतं, त्याच्या कडेने टाके, तोंड एका बाजूला ओढलेलं, नाकात नळी. बोलणं गेलं होतं. घशातून एक आवाज यायचा, त्यातला हो आणि नाही मी ओळखायला शिकले.

एक दिवस मुलगी सोबतीला आली होती. तिला त्यांच्यापाशी बसवून मी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन गडचिरोलीच्या लॅबमध्ये गेले. ते फोटो काढून आणायचे, मोठे करायचे आणि त्यांच्या खाटेसमोर लावायचे, म्हणजे बरं व्हायचं कुठल्या चेहऱ्यापर्यंत ते त्यांना समोर दिसेल. खरंच सांगते, माझ्या मनात हेच होतं.

लॅबवाल्याने कार्ड घातलं आणि कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर पहिला फोटो आला. दारात एक धुकट माणूस. त्याने दुसरा काढला, तिसरा काढला. प्रत्येकात दार होतं, खुर्ची होती आणि खुर्चीत ओल्या भिंतीवरून हात फिरवावा तसा एक डाग.

"काकू, सारे हलले," तो म्हणाला. "ढगाळात झूमनं काढले ना. लहान साइजमंदी चालन, पोस्टकार्डापेक्षाही लहान."

"अजून समोर पाह्य. समोरचे साजरे असतीन."

तो बिचारा एकेक करत शेवटपर्यंत गेला. एकच फोटो लख्ख निघाला. त्यात रस्त्यावरून जाणाऱ्या बैलाचं शिंग होतं, शिंगावरच्या रंगाचा पोपडासुद्धा दिसत होता. मागे दारात तोच डाग.

मी घरी आले. मालकांनी हात हलवून विचारलं, काय झालं? "साजरे आले," मी म्हणाले, "पन त्याचा कागदच संपला." मालकांच्या घशातून आवाज आला आणि खांदे हलले. ते हसत होते. हसताना अर्धाच चेहरा वर जायचा, आणि मी पटकन पेज गरम करायला पडद्यामागे गेले.

पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला नागपूरला जावं लागे. एका दिवशी दवाखान्यातून निघाल्यावर ते एसटी स्टँडकडे वळलेच नाहीत. माझ्या पिशवीला हात घालून बघितलं, झूम आत होती. सकाळी त्यांनीच टाकली होती. मग रुमालाने अर्धं तोंड झाकून ते पुढे आणि मी मागे, त्या दुकानात गेलो.

दुकानदाराने त्यांना ओळखलं नाही. मला ओळखलं, दुकानात रडलेल्या बायका फार नसाव्यात. मग त्याने पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं आणि बसल्या जागेवरून उभा राहिला. मालकांनी झूम काचेवर ठेवली. एका हाताची पाचही बोटं उघडून दाखवली, दुसऱ्या हाताची मूठ शून्यासारखी त्यांच्या शेजारी धरली.

"पचास?" दुकानदाराने विचारलं.

मालकांनी मान हलवली. "झूम वाईट नोती," मी मधेच म्हणाले. का म्हणाले देव जाणे. तेव्हाही मला हरायचं नव्हतं. वापरलेली झूम दुकानदाराने उलटसुलट न बघताच ठेवून घेतली, कपाटातून ती दह्याची वाटी काढली आणि कॅमेऱ्याला स्वतः लावून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत कोणी नव्हतं. मालकांनी हंसाचा पडदा बाजूला सारला, तेव्हा मागून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला उजेड आत आला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ते बसले. मी सवयीने कंगवा घेऊन गेले, भांग पाडला, पावडरचा डबा उघडला. त्यांनी माझा हात धरून डबा बंद केला. रुमाल काढून मांडीवर ठेवला. मग बोटांनी खुणावलं, जवळ ये.

मी एक पाऊल गेले. आणखी ये. आणखी. पन्नासला दुरून काही साधत नाही. इतकी जवळ गेले की मी शिजवलेल्या पेजेचा वास मलाच त्यांच्या श्वासाला आला. त्यांनी हात लांब करून माझं कोपर माझ्या पोटाला टेकवलं. मी डोळा लावला.

तो गाल मी रोज पुसत होते. टाक्यांना मलम लावत होते, नळी धुवत होते. पण मी बघत होते तुकड्या-तुकड्यांनी. जखम वेगळी, नळी वेगळी, कातडं वेगळं, आणि त्या सगळ्यातून उरलेला माणूस मी बघायचा टाळलाच होता. चौकटीत सगळं एकदम आलं. ओढलेलं तोंड, ते छातीचं कातडं, त्यावर उगवलेले दोन-चार छातीचेच केस. वर डोळे. डोळे माझ्याकडे, आणि त्यांत गिऱ्हाइकाचा फोटो काढताना असायची तीच घाई, की बाई, लवकर, उजेड चाललाय.

मी दम रोखला. तो मला बाहेर सोडताच येईना. बटण दाबलं.

त्यांनी कॅमेरा ओढून घेतला. काचेवरचा फोटो मोठा करून बघायचं बटण लॅबवाल्याने मला दाखवलं होतं, मी त्यांना दाखवलं. पापण्या दिसेपर्यंत त्यांनी तो मोठा केला. पापण्या एकेक मोजता येत होत्या. मग माझ्या कोपराला असा चिमटा काढला की दोन दिवस हिरवं राहिलं. त्यांच्याकडून मिळालेलं सर्टिफिकेट म्हणाल तर तेवढंच.

त्या सीझनची लग्नं आम्ही दोघांनी मिळून केली. ते मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसत, रुमाल बांधून, आणि मी चुकीच्या जागी उभी राहिले की चुटकी वाजवत. मी सरकायची. पुढचे ढग जमायच्या आत दुखणं मानेत उतरलं आणि मालक गेले. शेवटच्या दिवशी घरात फार माणसं होती. मला त्यांच्याजवळ बसायला जागा मिळायला बराच वेळ लागला.

तेरवीला फोटो हवा होता. माझ्याकडे एकच होता. मी तो मोठा करून आणला, तर चिमूरचे आमचे देर, म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ, बघताच मागे सरले.

"वयनी, हा नोका मांडू. लोकं जेवाले बसनार हायत."

मुलगीही रडत म्हणाली, "आई, बाबा असे नोते ना."

"असेच होते वं, शेवटी."

"शेवटी होते. पयले नोते ना."

माझ्याकडे 'पयले'चं काय होतं? लग्नातला बारीक पोरगा, मतदानाचं कार्ड आणि बैलाचं शिंग. देर फोटो घेऊन स्वतः गडचिरोलीला गेले आणि नवीन करून आणला. लॅबवाल्याने मालकांची उजवी बाजू उचलून उलटी केली होती आणि डावीकडे चिकटवली होती. दोन्ही गाल सारखे. दोन्ही कान सारखे. उजव्या डोळ्यापाशी एक तीळ होता, त्याचे दोन झाले. भांग नेमका मधोमध आला. बाप्पा, काय देखणा माणूस! सगळ्यांना हायसं वाटलं. बायका समोर बसून मोकळ्या मनाने रडल्या. "साजरे दिसून राह्यले भाऊ," म्हणाल्या. मी पान वाढलं, पाणी फिरवलं, नमस्काराला वाकले आणि एकदम पदर डोक्यावरून पुढे ओढला. परका पुरुष समोर आल्यावर ओढावा तसा. हात आपोआप गेला. मग तशीच उभी राहिले, पदर खाली घेता येईना की वर.

माणसं गेल्यावर मालकांचा खरा फोटो मी पडद्यामागे चुलीवरच्या भिंतीला लावला. आपण दोघं जेवताना लोकांचं काय काम? दुसऱ्या फोटोची फ्रेम भारी होती, देरांनी हौसेने आणलेली. टाकवेना. ती मी बाहेर स्टुडिओत, फ्रेमांचे नमुने लावतो त्या भिंतीवर लावून टाकली. गिऱ्हाइकं बघायची आणि विचारायची, अशीच फ्रेम पाहिजे.

पावसाळ्यात एक म्हातारी आली. आतल्या जंगलातल्या गावची, धानोऱ्याच्या बाजाराला यायची तेव्हा पळसाच्या पानात मोहफुलं नाहीतर टोळंबी, म्हणजे मोहाच्या बिया, बांधून आणायची. तिचे कसल्या कसल्या कागदांवरचे फोटो वर्षानुवर्षं मालकांनीच काढले होते. स्टुलावर बसली, मी भांग पाडायला गेले तर तिने भिंतीकडे हनुवटी केली.

"हा कोन व्हय, बाई?"

"कोनी नाई. नमुना हाय फ्रेमचा."

"नटबिट असन," ती म्हणाली आणि इकडे तिकडे बघू लागली. "भाऊ दिसत नाई? फोटो तू काढशीन का आज?"

"भाऊ गेले, बाई. उन्हाळ्यात गेले."

"कुठी?"

कंगवा माझ्या हातात तसाच होता. म्हातारीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने तोंडावर पदर घेतला आणि स्टुलावर बसल्या बसल्या आपल्या माणसासाठी रडतात तशी गळा काढून, गोंडीत काहीबाही बोलत रडायला लागली. मला त्यातला एक 'भाऊ' तेवढा कळत होता. डोक्यावरच्या भिंतीवर तो देखणा माणूस हसून बघत होता. तिने मान वर करून एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.